चोरटी धाव

अमेरिकेतल्या डॅलस शहराला लागून ग्रँड प्रेअरी हे गाव आहे. तिथले स्टेडियम २००८ साली बांधले गेले ते बेसबॉलसाठी. एअरहॉग्ज नावाचा संघ तिथे खेळायचा. पुढे संघ बंद पडला, मैदान ओस पडले आणि २०२३ मध्ये त्याच जागी क्रिकेटची खेळपट्टी तयार झाली. तिथेच ६ जून २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिका आणि पाकिस्तान समोरासमोर आले. दोघांच्याही १५९ धावा झाल्या आणि सामना सुपर ओव्हरमध्ये गेला. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मृग लागण्याच्या बेतात होता आणि वऱ्हाडात पेरणीच्या चिंतेने जागे असलेल्यांपैकी बरेच जण मोबाइलवर हा सामना पाहत असणार.

अमेरिकेची सुपर ओव्हर टाकायला मोहम्मद आमिर आला. समोर आरोन जोन्स, आणि दुसऱ्या टोकाला मुंबईत वाढलेला, २०१२ साली भारताच्या १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघात असलेला हरमीत सिंग. आमिरने तीन चेंडू वाइड टाकले. एरवी वाइड पडला की पंचाचे हात आडवे होतात, एक धाव मिळते आणि फलंदाज बॅट काखेत धरून उभा राहतो. हे दोघे उभे राहिले नाहीत. चेंडू यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजकडे जातोय तोच पळत सुटले. तीन वाइडमधून सात अवांतर धावा निघाल्या. तीन वाइडच्या, चार पळून काढलेल्या. अमेरिकेच्या १८ झाल्या. मग सौरभ नेत्रावळकरने पाकिस्तानला १३ वर रोखले.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात चर्चा झाली ती नेत्रावळकरची, आणि ती होणारच होती. मुंबईचा मराठी मुलगा, २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, तिथे पाकिस्तानकडूनच हरून परतलेला. मुंबईकडून रणजी खेळला, पण पुढची दारे उघडेनात, म्हणून २०१५ साली कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला गेला आणि ओरॅकल कंपनीत इंजिनिअर झाला. नोकरी सांभाळून क्रिकेट खेळणाऱ्या या डावखुऱ्याने त्या दिवशी मूळ सामन्यातही चार षटकांत १८ धावा देऊन दोन बळी घेतले होते. गोष्ट सिनेमाला शोभेल अशीच आहे. पण सामना वळला तो त्याच्या आधीच्या षटकात, त्या चार चोरट्या धावांवर. बेसबॉलचे मैदान मोडून केलेल्या त्या जागेवर त्या रात्री जे घडले, ते बेसबॉलच्या प्रेक्षकाला अजिबात नवे वाटले नसते. चेंडू कॅचरच्या, म्हणजे तिथल्या यष्टिरक्षकाच्या, हातून निसटला की पुढचा बेस गाठायचा, हे तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. बेसबॉलचे दर्दी एकत्र बसले की सहसा दोनच विषयांवर हमरीतुमरीवर येतात: आज पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, काय टाकले आणि त्याच्या नाकावर टिच्चून कोण पळाले. खरे तर हे दोन विषय नाहीतच, एकच आहे, आणि तो कसा एक आहे हे कळले की या खेळाची गोडी लागते.

आधी मैदान डोळ्यांसमोर आणू. बेसबॉलमध्ये चार बेस असतात, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट. बॅटर जिथे उभा राहतो ते होम. तिथून पहिला, दुसरा, तिसरा असे बेस घेत पुन्हा होमवर पोचला की एक धाव. क्रिकेटमध्ये एका क्रीझपासून दुसऱ्या क्रीझपर्यंतचे अंतर ५८ फूट, म्हणजे बेसबॉलची एक धाव काढायला क्रिकेटच्या सहा धावांहून जास्त पळावे लागते. आणि हे अंतर एका दमात काटायचे नसते. पहिल्या बेसवर पोचलेला माणूस तिथेच थांबतो आणि पुढचा बॅटर खेळायला येतो. आता मैदानात विरोधी संघाचे दोघे आहेत, एक समोर बॅट घेऊन आणि एक पिचरच्या पाठीशी, पळण्याच्या तयारीत.

पिचर उभा असतो मैदानाच्या मध्यावर, मातीच्या उंचवट्यावर. हा उंचवटा १० इंचांचा. १९६८ पर्यंत तो १५ इंचांचा होता. त्या वर्षी सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने बॅटर मंडळींना इतके छळले की पूर्ण मोसमात नऊ डावांमागे त्याने सरासरी १.१२ धावाच दिल्या. पुढच्याच वर्षी उंचवटा पाच इंचांनी उतरवला गेला. एखाद्या खेळाडूचा धसका घेऊन मैदानाची मातीच खरवडून काढल्याची उदाहरणे क्रीडाइतिहासात फारशी नाहीत. गिब्सन एकटाच कारण नव्हता, त्या मोसमात सगळेच पिचर वरचढ ठरले होते, पण नाव मात्र त्याचेच लागले.

उंचवट्यावर दोन फूट लांब, सहा इंच रुंद रबराची एक पट्टी पुरलेली असते. पिचरचा पाय तिला टेकलेला हवा. धावत येणे नाही, टप्पा नाही. कोपर वाकवून फेकायला पूर्ण मुभा, जी आपल्याकडे फेकी गोलंदाजी म्हणून बाद ठरते. पट्टीपासून होमपर्यंत ६० फूट ६ इंच. ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. टप्पाच नसल्यामुळे खेळपट्टीची मदत शून्य. सगळी करामत बोटांची आणि १०८ दुहेरी टाक्यांच्या त्या शिवणीची. वेगवान चेंडू मिनिटाला दोन हजारांहून जास्त गिरक्या घेतो आणि उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो, म्हणून बॅट त्याच्या खालून जाते. कर्व्हबॉलला वरून पुढे फिरकी दिली की तो होमजवळ येता येता खाली कोसळतो. स्लायडर आडवा सरकतो. चेंजअपमध्ये हात तसाच जोरात फिरतो, पण चेंडू सुटतो सावकाश, आणि बॅटर आधीच फिरवून मोकळा झालेला असतो.

चेंडूमागून चेंडू रचत जाण्याची ही चाल विदर्भाच्या क्रिकेटरसिकांना परकी नाही. २०१७-१८ च्या मोसमात इंदूरला दिल्लीविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली आणि विदर्भाने पहिल्यांदा करंडक जिंकला. त्या तिन्ही चेंडूंच्या दिशेची आणि टप्प्याची चर्चा नागपुरात पुढे कितीतरी दिवस चालली. पण गुरबाणीला एक सुख होते. चेंडू टाकताना पाठीमागच्या फलंदाजाची त्याला काळजी नव्हती. तो क्रीझ सोडून चार पावले पुढे गेला तरी फार तर एखादी धाव लवकर निघणार.

पिचरला हे सुख नाही.

पहिल्या बेसवरचा रनर बेसला चिकटून उभा राहत नाही. तो हळूहळू दहा-बारा फूट पुढे सरकतो. गुडघे वाकलेले, हात मोकळे, वजन दोन्ही चवड्यांवर. पिचर होमकडे चेंडू सोडायला लागला की हा दुसऱ्या बेसकडे सुटणार. यालाच बेस चोरणे म्हणतात. त्याला बाद करायचे तर कॅचरने चेंडू पकडून, उठून, १२७ फुटांवरच्या दुसऱ्या बेसवर अचूक फेकायचा आणि तिथल्या क्षेत्ररक्षकाने ग्लोव्हजमधल्या चेंडूसह रनरला स्पर्श करायचा. हिशेब पाहा. पिचरच्या हालचालीला सुरुवात झाल्यापासून चेंडू कॅचरकडे पोचायला साधारण १.३ सेकंद. कॅचरच्या ग्लोव्हजपासून दुसऱ्या बेसपर्यंत साधारण २ सेकंद. एकूण ३.३. चपळ रनरलाही उरलेले ७८-८० फूट काटायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. सगळा खेळ सेकंदाच्या एक-दोन दशांशांवर येऊन ठेपतो. पिचरने पाय जरा जास्त उचलला तर रनर वाचला. कॅचरची पकड एकदा चाचपडली तर रनर वाचला. रनरचे पहिले पाऊल बिचकले तर तो मेला.

म्हणून रनर पळो न पळो, नुसता उभा राहूनही पिचिंग बिघडवतो. त्याच्या भीतीने पिचर लांबलचक हातवारे सोडून आखूड हालचालीत चेंडू टाकतो, वेग थोडा कमी होतो, आणि कर्व्हबॉलसारखा सावकाश चेंडू टाकायला तो धजत नाही, कारण सावकाश चेंडू म्हणजे रनरला आयता वेळ. समोरच्या बॅटरलाही हे कळते. आता वेगवानच येणार, असा अंदाज बांधून तो सज्ज होतो. जाणकार प्रेक्षक ‘आज पिचर का मार खातोय’ या प्रश्नाचे उत्तर कधीकधी पहिल्या बेसवर शोधतात, ते यामुळे.

हा लपंडाव वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगण्यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात आट्यापाट्या पाहिलेल्याला तो ओळखीचा वाटेल. सपाट जागेवर फक्कीने नऊ आडव्या पाट्या आखायच्या, मधून एक उभी सुरपाटी. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू. पाटी धरणारा आपल्या पाटीवरच हलू शकतो, डावीकडे किंवा उजवीकडे, पाटी सोडून पुढे येऊन पकडण्याची त्याला परवानगी नाही. पळणाऱ्याला मात्र कुठल्याही बाजूने निसटायची मोकळीक. सात मिनिटांच्या डावात जितक्या पाट्या ओलांडल्या तितके गुण.

आता पाटीसमोर आलेल्या खेळाडूकडे नीट बघा. तो सरळ घुसत नाही. डाव्या खांद्याने हूल देतो, पाटी धरणारा अर्धे पाऊल तिकडे सरकतो, की हा उजवीकडून पसार. चांगला खेळाडू समोरच्याच्या डोळ्यांत कधीच पाहत नाही, नजर कमरेवर ठेवतो, कारण डोळे फसवतात आणि कंबर फसवत नाही. बेसबॉलचा रनर हेच करतो, फक्त त्याची नजर पिचरच्या टाचांवर असते. आणि पिचरची अवस्था पाटी धरणाऱ्यासारखीच, नियमांनी जखडलेली. पाय पट्टीवर असताना होमकडे टाकण्याची हालचाल सुरू केली की ती पुरी करावीच लागते. मध्येच थांबून रनरला फसवले तर पंच ‘बॉक’ देतो आणि रनरला पुढचा बेस फुकट मिळतो. खो-खोतही पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळायचे नाही, पळणारा मात्र हवा तसा वळतो. पहारेकऱ्याचे हात बांधायचे आणि चोराला मोकळे सोडायचे, हे या तिन्ही खेळांचे तत्त्व आहे. त्याशिवाय चुरस येणार कशी? पहारेकरी मोकळा असता तर कुणी पळायचे धाडसच केले नसते.

बेसबॉल आणि आपले देशी खेळ एकदा एकाच शहरात, एकाच महिन्यात जगासमोर आले होते, ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. धनजहून अमरावती जवळच, त्यामुळे या मंडळाचे नाव त्या भागात घरोघरी ठाऊक. ऑगस्ट १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा मंडळाचे पथक तिथे गेले आणि त्याने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच ऑलिंपिकात १२ ऑगस्टच्या रात्री मुख्य स्टेडियमवर अमेरिकेच्या दोन हौशी संघांनी बेसबॉलचा प्रदर्शनी सामना खेळला. वर्ल्ड चॅम्पियन्स संघाने यू. एस. ऑलिंपिक्सला ६-५ असे हरवले. प्रेक्षकांचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो, पण सर्वांत कमी अंदाजही ९० हजारांचा आहे. त्या गर्दीतल्या बहुतेकांना खेळाचे नियम ठाऊक नव्हते. अमरावतीच्या पथकाचे खेळ पाहणाऱ्यांचीही स्थिती तीच असणार.

क्रिकेटने मात्र उलटा रस्ता धरला. तिथे पळणाऱ्यालाच सभ्यतेच्या दोरीने बांधले आणि ती दोरी ओढणाऱ्या गोलंदाजाला बदनाम केले. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी कसोटीत विनू मांकड गोलंदाजी करत होते. दुसऱ्या टोकाचा बिल ब्राऊन चेंडू सुटण्याआधीच क्रीझ सोडून पुढे निघाला. मांकड थांबले आणि त्यांनी यष्टी उडवल्या. ब्राऊन धावचीत. याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यातही त्यांनी ब्राऊनला असेच बाद केले होते, आणि त्याआधी ताकीदही दिली होती. तरी ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि या बाद करण्याला मांकड यांचेच नाव चिकटवले. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांना मात्र त्यात काही वावगे वाटले नाही. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी मांकड यांची बाजू घेतली. आयसीसी आणि एमसीसी यांना तेवढी समज यायला पुष्कळ वर्षे लागली. १ ऑक्टोबर २०२२ पासून ही कृती ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात टाकण्यात आली.

योगायोग असा की त्याच १९४७ सालच्या एप्रिलमध्ये, १५ तारखेला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. आधुनिक काळात अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय. गोऱ्या प्रेक्षकांच्या शिव्या खात त्याने त्या मोसमात २९ बेस चोरले, त्याच्या लीगमध्ये सर्वांत जास्त. चोरी हा त्याच्या खेळाचा कणाच होता. मांकड यांना ऑस्ट्रेलियन पत्रांनी अखिलाडू म्हटले त्याच वर्षी पिचरच्या नजरेसमोरून बेस पळवणारा माणूस अमेरिकेत नायक ठरत होता. आणि पिचरने बेसवर चेंडू फेकून त्याला बाद केले असते तर त्यालाही कुणी नावे ठेवली नसती. कुठला खेळ जास्त प्रामाणिक, हे वाचकांनी ठरवावे. या लेखणीचा कल बेसबॉलकडे आहे.

रॉबिन्सनची सर्वांत गाजलेली चोरी २८ सप्टेंबर १९५५ ची. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, पहिल्याच सामन्यात, यांकीज संघाविरुद्ध, तिसऱ्या बेसवरून तो थेट होमवर घुसला. पिचर व्हाइटी फोर्ड, कॅचर योगी बेरा. पंचाने सुखरूप ठरवले आणि बेरा थयथयाट करत उठला. पुढची साठ वर्षे, मरेपर्यंत, तो ‘रॉबिन्सन बाद होता’ हेच सांगत राहिला. (बेराचे खरे नाव लॉरेन्स. मांडी घालून बसायची त्याची ढब सिनेमात पाहिलेल्या भारतीय योग्यासारखी वाटली म्हणून मित्राने ‘योगी’ हे नाव ठेवले.) तो सामना डॉजर्स हरले, सिरीज जिंकले. चित्रफीत आजही उपलब्ध आहे आणि ती पाहून आजही दोन माणसांची दोन मते होतात.

पण वादाला जागाच नसलेली, आणि तरीही चघळून न संपलेली चोरी म्हणजे डेव्ह रॉबर्ट्सची. १७ ऑक्टोबर २००४, बॉस्टनचे फेनवे पार्क. रेड सॉक्स यांकीजविरुद्धच्या मालिकेत ०-३ असे मागे. आदल्या रात्री ८-१९ असा मार खाल्लेला. चौथ्या सामन्यातही नववा डाव आला तेव्हा ३-४ अशी पिछाडी, आणि समोर मारियानो रिव्हेरा, शेवटच्या डावात सामना बंद करण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हता. रिव्हेराने केव्हिन मिलारला चार बॉल टाकून पहिला बेस देऊन टाकला. बॉस्टनने मिलारच्या जागी रॉबर्ट्सला पळायला पाठवले. जुलैअखेर लॉस एंजेलिसहून आणलेला हा खेळाडू त्या मोसमात ४१ वेळा पळाला होता आणि ३८ वेळा वाचला होता. स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक होते की हा पळणार. रिव्हेरालाही ठाऊक होते.

रिव्हेराने पहिल्या बेसवर चेंडू फेकला. रॉबर्ट्स मागे उडी मारून वाचला. पुन्हा फेकला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा फेकला. बॅटरला अजून एकही चेंडू पडला नव्हता. या तीन फेकींनी रॉबर्ट्सचे नुकसान झाले नाही, उलट थंडीत ताटकळून आखडलेले पाय मोकळे झाले आणि रिव्हेराच्या हालचालीचा ठेका कळला, असे त्याने पुढे सांगितले. मग रिव्हेराने होमकडे पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचर होर्हे पोसाडाने फेक उत्तम केली. डेरेक जीटरने चेंडू पकडून ग्लोव्ह खाली आणला, तोवर रॉबर्ट्सचा हात बेसला लागला होता. अंतर वीतभर असेल. त्यानंतर बिल म्युलरने मधून फटका मारला, रॉबर्ट्स होमवर आला, ४-४. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझच्या होमरनने सामना ६-४ असा संपला. रेड सॉक्सने पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि १९१८ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजही. त्या वर्ल्ड सिरीजमध्ये रॉबर्ट्स एकदाही मैदानात उतरला नाही आणि मोसम संपल्यावर संघाने त्याला दुसरीकडे पाठवून दिले. तीच चोरी त्याला पुरली. आज तो लॉस एंजेलिस डॉजर्सचा व्यवस्थापक आहे आणि त्याच्या हाताखाली संघाने २०२०, २०२४ आणि २०२५ च्या वर्ल्ड सिरीज जिंकल्या.

या प्रसंगाला धाडस म्हणायचे की हिशेब? बेसबॉलमध्ये हा वाद कायमचा आहे. आकडेमोड करणाऱ्यांचे म्हणणे असे की चोरी साधली तर संघाचा फायदा थोडा, फसली तर तोटा त्याहून बराच मोठा, कारण बेसवरचा माणूसही गेला आणि एक बादही झाला. म्हणून साधारण चारांपैकी तीन चोऱ्या साधत असतील तरच पळावे. या फुटपट्टीने पाहिले तर भल्याभल्यांची गंमत होते. १९८२ मध्ये रिकी हेंडरसनने १३० बेस चोरले, हा आधुनिक काळातला विक्रम आजही मोडलेला नाही. पण त्या मोसमात तो ४२ वेळा पकडलाही गेला. म्हणजे १७२ पैकी १३०, जेमतेम ७५ टक्के. विक्रमाच्या वर्षात हिशेबाने त्याने संघाला फारसे काही दिलेच नाही, असे म्हणता येते. त्याच्या भीतीने पिचरनी जे भलते चेंडू टाकले असतील, ते मात्र या हिशेबात कुठे मोजायचे?

आकडेवाल्यांचे ऐकून संघांनी पळणे कमी केले आणि खेळ बेचव होऊ लागला. शेवटी २०२३ मध्ये मेजर लीगने नियमच बदलले. बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधले अंतर साडेचार इंचांनी घटले. पिचरला घड्याळ लावले. आणि एका बॅटरच्या पाळीत बेसवर फेकण्याची मुभा दोनदाच. तिसऱ्यांदा फेकून रनर बाद झाला नाही तर बॉक. परिणाम लगेच दिसला. २०२२ मध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते, २०२३ मध्ये ३,५०३. त्या जुलैत सिनसिनाटीच्या एली डे ला क्रूझने मिलवॉकीविरुद्ध दोन चेंडूंच्या अवधीत दुसरा, तिसरा आणि होम असे तिन्ही चोरले. २०२४ मध्ये शोहेई ओहतानीने ५४ होमरन मारून वर ५९ बेस चोरले आणि फक्त चार वेळा सापडला. त्याचा व्यवस्थापक कोण? डेव्ह रॉबर्ट्स. आणखी एक मजा: आजचा नियम २००४ मध्ये असता तर रिव्हेराच्या तिसऱ्या फेकीलाच रॉबर्ट्सला दुसरा बेस चालत जाऊन मिळाला असता, आणि बेसबॉल एका अजरामर क्षणाला मुकला असता.

भारतात बेसबॉलचे बी रुजवायचे प्रयत्न झाले ते हातांवर भर देऊन. २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत देशभरातून सुमारे ३७ हजार तरुणांनी चेंडू फेकून पाहिले. निवडले गेले ते उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघांनी तोवर बेसबॉलचा सामनाही पाहिला नव्हता. पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले, २०१४ मध्ये डिस्नीने त्यांच्यावर सिनेमाही काढला. मुख्य लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकू पुढे अमेरिकेत कुस्तीच्या रिंगणात ‘वीर महान’ या नावाने उतरला. अलीकडे दुबईत सुरू झालेल्या बेसबॉल युनायटेड या लीगमध्ये एका संघाचे नाव मुंबई कोब्राज आहे.

या सगळ्यात पाय कुणी शोधले नाहीत. ताशी १४० किलोमीटरने फेकणारा हात शोधणे सोपे, वेगमापक लावला की झाले. पहारेकऱ्याच्या कमरेवरून त्याचा बेत ओळखणारा, तीन पावलांत पूर्ण वेग पकडणारा, हूल देऊन दिशा बदलणारा खेळाडू कुठल्या यंत्रावर मोजणार? असे खेळाडू महाराष्ट्रात खो-खो आणि आट्यापाट्यांच्या मैदानांवर आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आट्यापाट्या आहेत, खो-खो आहे, सॉफ्टबॉल आहे आणि बेसबॉलही आहे. पण हे खेळ एकमेकांशी बोलत नाहीत. खो-खोचा पळणारा बेसवर उभा करून पाहावा, असे एखाद्या तालुक्याच्या क्रीडाशिक्षकाने मनावर घेतले तर खर्च काहीच नाही. चार पोती मातीने भरून ९० फुटांवर ठेवली की झाले.

जुलै २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक आहे. १९०० नंतर क्रिकेट पहिल्यांदाच परततेय, त्याचे सामने पोमोनाला होतील. बेसबॉल डॉजर स्टेडियमवर. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे जागरणाचाही प्रश्न नाही. क्रिकेट तर पाहालच, पण एखादा बेसबॉलचा सामनाही लावा. पहिल्या बेसवर रनर आला की बॅटकडे पाहू नका. उजव्या हाताचा पिचर असेल तर त्याच्या टाचा बघा. उजवी टाच आधी उचलली तर तो बेसवर फेकणार. डावी आधी उचलली तर चेंडू होमकडे चालला, आणि रनरला पळायचेच असेल तर त्याच क्षणी तो सुटलेला असेल.